गाडी चालू झाली की

"कॉम्प्रेशन गेलाय," इसाकभाईंनी निकाल दिला. "काल सांगत होतंय, आज पण सांगतंय. दुसरा काय नाय, कॉम्प्रेशन."

मी त्या वेळी अंगणात आडवा पडून इंजिनाला कान लावला होता. बंद इंजिनाला कान लावून काहीही ऐकू येत नाही. पण कान लावला की माणूस जाणकार दिसतो, आणि त्या काळात मला जाणकार दिसण्याची फार हौस होती.

"कॉम्प्रेशन गेलं असतं तर काल पाच मिनिटं तरी कशी चालली असती?" मी विचारलं.

"जाता जाता चालली," इसाकभाई म्हणाले.

इसाकभाई वस्ता आमचे शेजारी. तरुणपणी आखातातल्या एका तेलवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये त्यांनी नोकरी केली होती. तिथे ते नक्की काय करत हे त्यांनी कधी स्पष्ट सांगितलं नाही. माझी बायको उल्का हिच्या मते ते तिथे चहा करत. पण त्या जहाजाचं इंजिन तीन मजली होतं असं ते सांगत, आणि तीन मजली इंजिन पाहिलेल्या माणसाशी हातभर इंजिनावरून वाद कोण घालणार? कुंपणापलीकडून आपली प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन ते रोज सकाळी येत आणि माझ्या डोक्याशी बसत.

गाडी म्हणजे एटीव्ही. चार फुगीर चाकांची, वाळूत चालणारी मोटारसायकल. आता आमच्या किनाऱ्यावर अशा डझनभर फिरतात, पण तेव्हा ती एकटीच होती. एक रिसॉर्ट बंद पडलं, त्याच्या मालकाकडून मी ती घेतली होती. पर्यटकांना मागे बसवून सुरूच्या बनापासून खाडीच्या तोंडापर्यंत न्यायचं आणि परत आणायचं, हा माझा धंदा. पावसाळाभर ती पडवीत ताडपत्रीखाली उभी राही. दसऱ्याला तिला बाहेर काढून हार घालायचा आणि दिवाळीच्या सुट्टीत तिच्या जिवावर राजा व्हायचं, असा वर्षाचा क्रम होता. त्या वर्षी हार घातला, नारळ फोडला, आणि गाडीने मान टाकली.

मी स्वतःला मेकॅनिक समजत असे. त्याला पुरावा एकच, माझ्याकडे पान्यांचा पूर्ण संच होता. त्यातला फक्त दहा नंबरचा पाना हरवला होता, आणि गाडीचे बहुतेक सगळे नट दहा नंबरचे होते.

दुखणं मात्र विचित्र होतं. सकाळी बटण दाबलं की बराच वेळ नुसती घुरघुर, मग एकदाची चालू. अंगणात दोनतीन चकरा मारल्या की धापा टाकत बंद. त्यानंतर बटण दाबा, किक मारा, नवस बोला, ढिम्म. मग मी टाकीचं झाकण उघडून आत पेट्रोल आहे का ते बघायचो, झाकण लावायचो, पुन्हा बटण दाबायचो, आणि थोड्या कुरकुरीनंतर गाडी चालू. एवढ्यावरून शहाण्या माणसाला काही उमगायला हवं होतं. मला इतकंच उमगलं की गाडी माझ्या नजरेला घाबरते.

प्लग काढून पॉलिश पेपरने घासला. ठिणगी येते का ते बघायला प्लग हातात धरला आणि इसाकभाईंना बटण दाबायला सांगितलं. ठिणगी येत होती. ती माझ्या कोपरापर्यंत आली. मग टाकीतलं जुनं पेट्रोल काढून नवीन भरलं. मग कार्बोरेटर खोलला, खराट्याच्या काडीने त्याची बारीक भोकं साफ केली आणि तो उल्काच्या परातीत धुतला. ती परात उल्काने पुन्हा घरात घेतली नाही, तिच्यात आता कोंबड्या दाणे टिपतात. कार्बोरेटर जोडला तर एक स्क्रू उरला.

"जहाजावर पण एखादा उरायचा," इसाकभाईंनी धीर दिला.

तेवढ्यात उल्का चहा घेऊन आली. कप तिने इसाकभाईंच्या हातात दिला, माझा जमिनीवर ठेवला.

"उद्या मंगळवार," ती म्हणाली.

"हो का," मी इंजिनाला म्हणालो.

"डॉक्टर रत्नागिरीला महिन्यातून एकदाच येतात. मागच्या महिन्यात तुमच्या पाठीत उसण भरली. त्याच्या आधीच्या महिन्यात पाऊस होता."

"होताच की पाऊस."

"रत्नागिरीत नव्हता."

इसाकभाई कपात बघू लागले. मी उठून बसलो आणि हात पुसले. हात पुसताना माणूस विचारात पडल्यासारखा दिसतो.

"हे बघ, गाडी चालू झाली की जाऊ. दिवाळी तोंडावर आली आहे, माझा सगळा जीव हिच्यात अडकलाय. गाडी चालू झाली की मी मोकळा. मग तू म्हणशील तिथे येतो."

"नक्की?"

"शब्द दिला."

ती आत गेली. जाताना तिचा हात हँडलवरून सहज फिरल्यासारखा फिरला. मला वाटलं, धूळ बघते आहे.

रत्नागिरीचं प्रकरण असं होतं. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. उल्काच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. एकटी जायची, एकटी यायची. शेवटी त्या डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, तुमच्यात काही दोष नाही, आता मिस्टरांना घेऊन या. हे वाक्य उल्काने मला शिमग्याच्या सुमाराला सांगितलं. आता दसरा होऊन गेला होता.

त्या तपासणीबद्दल मला एवढंच ऐकून माहीत होतं की एक बाटली देतात आणि एक खोली दाखवतात. मित्रांत बसून मी त्यावर दोन विनोदही केले होते. पण खरं कारण बाटली नव्हती. दोष तिच्यात नाही हे ठरलं होतं, म्हणजे उरलेला उमेदवार एकच होता. मी जोवर रत्नागिरीला जात नव्हतो तोवर निकाल लागत नव्हता, आणि निकाल लागत नव्हता तोवर वाडीच्या हिशेबी दोष उल्काचाच होता. पाटकरांच्या सुनेच्या डोहाळजेवणात बायकांनी तिला ओटी भरायला पुढे बोलावलं नाही. ती पंगतीत वाढत राहिली. हे मी खिडकीतून पाहिलं होतं. आणि घरी येऊन प्लग घासला होता.

तर गाडी चालू व्हावी म्हणून मी मनापासून खटपट करत होतो, आणि ती चालू होऊ नये असंही मला मनापासून वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी करायला फार कसब लागत नाही. हातात पाना असला की पुरतं.

"हँडल खोल," चहा संपवून इसाकभाई म्हणाले. "आतली वायर उंदरान कुरतडली असेल."

हे मला पटलं. हँडल खोलायचं म्हणजे निदान दोन दिवसांचं काम. मी पाना उचलला.

"हँडलला हात लावायचा नाही," ओटीवरून उल्काचा आवाज आला.

"का?"

"खोललंत तर जोडणार कोण? आधीच एक स्क्रू उरलाय."

इसाकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पाना खाली ठेवला. बायको बरोबर बोलत असली की तिच्यावर रागावणं फार अवघड जातं, म्हणून मी त्या दिवशी गाडीवर रागावलो आणि तिला दोन लाथा घातल्या. पायाचं नख काळं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुऊन बाहेर आलो तर उल्का तयार होऊन ओटीवर बसली होती. निळी साडी, मांडीवर पर्स, केस बांधलेले. एस.टी. यायला अजून वेळ होता. मी कपडे बदलायचं सोडून गाडीपाशी गेलो. मला तिला दाखवून द्यायचं होतं की गाडी कशी चालू होत नाही.

तर ती पटकन चालू झाली.

असा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये. मी कसंबसं हसलो, तिच्यावर बसलो आणि अंगणातून फेरी मारायला लागलो. मनात म्हणत होतो, बंद पड गं बाई, रोज पडतेस तशी आजही पड. माडाला एक वळसा, विहिरीला एक वळसा, पुन्हा माडाला. बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकापाशी, तिने एक धाप टाकली, दुसरी टाकली आणि ती बंद पडली. मी समाधानाने उल्काकडे पाहून खांदे उडवले. ती तशीच बसून होती.

मग सवयीने टाकीचं झाकण फिरवलं. आणि झाकणाखालून 'फुस्स' असा आवाज आला.

हा आवाज रोज येत असणार. पण रोज माझ्या डोक्याशी इसाकभाई बोलत असायचे. त्या दिवशी ते अजून उठले नव्हते. मी झाकण लावलं, गाडी चालू केली, दोन चकरा मारल्या, बंद पडली, झाकण उघडलं. पुन्हा फुस्स. बाहेरची हवा आत ओढली जात होती.

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल गचके खात पडतं आणि मग पडेनासं होतं. म्हणून आपण पलीकडच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडतो, हवा आत जायला. हे माझ्या आईला ठाऊक होतं, किराणा दुकानातल्या कोणालाही ठाऊक असतं. टाकीलाही तसंच दुसरं भोक असतं. झाकणातून एक बारीक रबरी नळी निघते, आणि आमच्या गाडीत ती हँडलच्या मधोमध असलेल्या पोकळ दांड्यात खोचलेली होती. ती नळी तुंबली होती. पेट्रोल खाली उतरत नव्हतं. प्लग, बॅटरी, कार्बोरेटर, कॉम्प्रेशन सगळे बिचारे निर्दोष होते, आणि मी त्या सगळ्यांची तपासणी करून बसलो होतो.

मी वाकून दांड्याच्या भोकात पाहिलं. नळीच्या तोंडाभोवती तांबडी माती लिंपलेली होती. गुळगुळीत, कडेने बोटाने दाबल्यासारखी.

शोध लागल्याचा आनंद मला अर्धा मिनिटही टिकवता आला नाही. कारण लगेच लक्षात आलं की एक काडी घालून ती माती काढली की गाडी चालू, आणि गाडी चालू झाली की रत्नागिरी. मी हळूच सरळ झालो. कोणी पाहिलं नसेल तर ही गोष्ट उद्यापर्यंत आपल्यापाशी ठेवायला काय हरकत आहे, असा विचार करतच मागे वळलो.

उल्का मागे उभी होती.

"काय आहे?" तिने विचारलं.

"काही नाही. धूळ आहे जराशी."

"धूळ नाही ती," ती म्हणाली. "घर आहे."

मला आधी कळलंच नाही.

"कुंभारणीचं घर आहे," ती म्हणाली. कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची माशी, जी तोंडातून मातीच्या गोळ्या आणून भिंतीवर, कडीकोयंड्यात, मिळेल त्या भोकात घर बांधते आणि आत अंडं घालून तोंड लिंपून टाकते.

"तुला माहीत होतं?"

"नवरात्रापासून. पडवी झाडताना दिसली. विहिरीच्या कडेची माती घेऊन यायची आणि त्या भोकात शिरायची. दिवसभर तेच."

"आणि तू मला सांगितलं नाहीस? मी इथे शॉक खाल्ला. कार्बोरेटर खोलला."

"कार्बोरेटर मी नाही खोलायला सांगितला."

"उल्का."

तिने पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आधी मला नव्हतं माहीत की त्याच्यामुळे गाडी बंद पडते. मग मी ओटीवरून बघत होते. झाकण उघडलंत की चालू होते. नळी तिथूनच जाते. परवा माझ्या लक्षात आलं."

"मग परवा का नाही बोललीस?"

"तुम्ही हसला असतात," ती म्हणाली. "आणि मोडलं असतंत."

मग तिने सांगितलं. राजापूरकडे तिच्या माहेरी तिची एक मावशी होती. ती म्हणायची, कुंभारीण ज्या घरात माती आणते त्या घरात पाळणा येतो. ते घर मोडायचं नाही, आतलं पिल्लू आपणहून भोक पाडून उडून जाऊ द्यायचं. मावशीच्या सुनेच्या वेळी देव्हाऱ्यामागे बांधलं होतं, थोरल्या बहिणीच्या वेळी दाराच्या चौकटीत. आमच्या घरात सहा वर्षांत एकदाही नाही. कोळी आले, वाळवी आली, एकदा फुरसं निघालं, पण कुंभारीण नाही. आणि आता आली होती.

"घरात म्हणाली ना मावशी?" मी म्हणालो. "ही गाडी आहे."

"गाडी घरातच होती. पडवीत."

तिने हे सगळं मान खाली घालून सांगितलं, जसं काही चोरून खाल्लेलं कबूल करावं. ती बी.कॉम. झालेली बाई, पतपेढीत काम करते, तिच्या मावशीच्या गोष्टींवर मी तिच्यासमोर पूर्वी पोट धरून हसलेलो होतो. संकष्टी धरली तरी हसायचो. एका बुवाचा अंगारा तिने उशीखाली ठेवला होता, तेव्हा मी इसाकभाईंना सांगून दोघे हसलो होतो. माणसाला स्वतःवर हसता येतं याचा मला अभिमान होता, आणि त्या भांडवलावर मी दुसऱ्यांवर बरंच हसून घेतलं होतं.

त्या दिवशी मी हसलो नाही. पण मी जे केलं ते हसण्यापेक्षा वाईट होतं. मी एकदम भाविक झालो.

"मग राहू दे की," मी म्हणालो. "मोडायचं कशाला? शुभ असतं म्हणतेस ना. जुन्या लोकांनी काहीतरी बघूनच सांगितलेलं असतं."

"तुम्ही म्हणताय हे?"

"का, मी म्हणू नये? झाकण जरा सैल ठेवू, वरून फडकं बांधू. हवा आत जाईल. दिवाळी निघेल. पिल्लू उडालं की नळी साफ करू. कोणाचं काही बिघडत नाही."

"सैल झाकणातून पेट्रोल हिंदकळणार त्या फडक्यावर. मागे लोकांची मुलं बसणार. एकाने सिगारेट पेटवली म्हणजे?"

"मग नको चालवायला. पिल्लू उडेपर्यंत थांबू. किती दिवस लागतात?"

"पंधरा. वीस."

"थांबू की. दिवाळी बुडाली तर बुडाली."

दिवाळी बुडाली तर बुडाली. ज्या दिवाळीसाठी मी आठ दिवस जमिनीवर लोळत होतो ती मी एका वाक्यात माशीच्या पिल्लावरून ओवाळून टाकली. मला वाटलं, आता उल्काला भरून येईल. नवरा आपल्या श्रद्धेसाठी धंद्यावर पाणी सोडतो आहे, याहून बाईला काय हवं?

उल्का माझ्याकडे बघत होती. तिला राग आलेला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "खरं सांगाल?"

"विचार."

"हे घर राहावं असं तुम्हाला वाटतंय ते त्याच्यातल्या पिल्लासाठी, की आज रत्नागिरी चुकावी म्हणून?"

मी तोंड उघडलं. काहीतरी चुरचुरीत बोलायचं होतं, माझं ते नेहमीचं होतं. पण आलं नाही. खरं म्हणजे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. थोडं पिल्लासाठीही वाटत होतं, तिच्या तोंडाकडे बघून. पण किती थोडं, ते सांगता आलं नसतं.

"भीती वाटते," मी म्हणालो. हे मात्र मी ठरवून बोललो नाही.

"मला पण वाटायची," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी. मी जात होतेच ना?"

मी टाकीचं झाकण लावलं.

तिने पर्स गाडीच्या सीटवर ठेवली. डोक्यामागे हात नेऊन केसांतला एक आकडा काढला, दाताने त्याचं टोक सरळ केलं आणि ती हँडलवर वाकली.

"नको," मी म्हणालो. आणि आता मी ते खरंच म्हणत होतो. "उल्का, नको. राहू दे. मी येतो तुझ्याबरोबर. गाडी राहू दे तशीच, मी येतो."

"ही बंद असली की तुम्ही स्टँडवरून परत याल," ती म्हणाली. "तुम्हाला ओळखते मी."

आणि तिने आकडा आत घातला.

माती कोरडी होती. पहिल्यांदा टवका निघाला, मग भुगा, मग अख्खा कडेचा तुकडा सुटून टाकीवर पडला. ती घाई करत नव्हती. शेगडीचं भोक साफ करावं तसं फिरवून फिरवून तिने सगळं बाहेर काढलं, नळी ओढून घेतली, तोंडात धरून जोरात फुंकली, पुन्हा खोचली. टाकीच्या लाल रंगावर तांबड्या मातीचा लहानसा ढीग झाला. त्यात दोन सुकलेल्या हिरव्या अळ्या होत्या, माशीने पिल्लासाठी भरून ठेवलेल्या. आणि त्यांच्याजवळ पांढुरकं, तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी होतं. ते किंचित हललं.

मी ते पाहिलं. उल्काने पाहिलं की नाही मला कळलं नाही, कारण तिने लगेच फडक्याने टाकी पुसली आणि फडकं माडाच्या आळ्यात नेऊन झटकलं.

"बटण दाबा," ती म्हणाली.

गाडी चालू झाली. अंगणात, बेड्यापर्यंत, परत अंगणात, माडाला वळसे घालून घालून मी थकलो पण ती बंद पडली नाही. इंजिन असं सरळ चालताना ऐकलं की माझं एरवी मन भरून यायचं. त्या दिवशी मला ते ऐकवेना.

कुंपणावरून इसाकभाईंचं डोकं वर आलं. "चालू झाली? मी सांगत होतंय तुला. कॉम्प्रेशनच होता ना?"

"हो, इसाकभाई," मी म्हणालो. "कॉम्प्रेशनच होतं."

हात धुवायला मी बराच वेळ लावला. साबण दोनदा लावला, नखं खराट्याच्या काडीने कोरली. बाहेर आलो तर उल्का बेड्यापाशी उभी होती. तिने केसांत दुसरा आकडा खोचला होता. वळून न बघता ती स्टँडकडे चालू लागली आणि मी तिच्या मागून गेलो.

एस.टी. अर्धी आमच्याच वाडीने भरलेली होती. आम्हाला मागची सीट मिळाली. एस.टी. घाटी चढून सड्यावर, वरच्या कातळपठारावर आली. ती खिडकीबाहेर बघत होती. सड्यावर गवत सोनेरी झालेलं होतं.

"रिकामंच होतं ते घर," एकाएकी ती म्हणाली. "केव्हाच उडून गेलं असणार."

"हो," मी म्हणालो. "रिकामंच होतं."

पुढच्या सीटवर पाटकरांच्या काकी होत्या, ज्यांच्या सुनेचं डोहाळजेवण झालं त्याच. वाईट बाई नाही, पण त्यांचा आवाज असा की पायलीभर तांदूळ मोजले तरी सगळ्या वाडीला ऐकू जावं. त्या मागे वळल्या, उल्काच्या निळ्या साडीकडे आणि पर्सकडे त्यांनी पाहिलं.

"परत डॉक्टर का गो उल्का?" त्या म्हणाल्या. "किती सोसायचं बाईच्या जातीने. देवाच्या मनात नसलं तर डॉक्टर तरी काय करणार?"

उल्काने हसून मान हलवली. हे हसणं तिला पाठ होतं, ते मला त्या वेळी कळलं. सहा वर्षांत तिने ते किती ठिकाणी केलं असेल, हळदीकुंकवात, विहिरीवर, पतपेढीच्या खिडकीत, आणि घरी येऊन मला काय सांगितलं असेल? काहीच सांगितलं नव्हतं.

"काकी," मी म्हणालो. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "आज उल्काचं काही नाही. तिच्या सगळ्या तपासण्या कधीच झाल्या. तिच्यात काही दोष नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. आज माझी तपासणी आहे."

पुढच्या चार सीटांवरच्या माना वळल्या. कंडक्टरने पंच वाजवायचं थांबवलं. माझे कान तापले, आणि ते रत्नागिरी येईपर्यंत तसेच राहिले. माझ्यावर हसायला मी आजवर लोकांना पुष्कळ कारणं दिली होती, पण प्रत्येक वेळी मी आधी हसून घेतलेलं असायचं. या वेळी मी हसलो नाही, आणि इतरही कोणी हसलं नाही.

"असं होय," काकी म्हणाल्या आणि पुढे बघू लागल्या.

मी दोन तिकिटं काढली. उल्का पुन्हा खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, तिला आवडलं नाही. चारचौघांत बोलायला नको होतं. सडा संपून उतार लागला. मग तिने न वळता, फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू आवाजात म्हटलं,

"रिकामं नव्हतं ते."

"माहीत आहे," मी म्हणालो.